विमलकाकूंचा हिरवा पेशंट

दह्याचे रिकामे डबे आणि किस्से, दोन्ही आमच्या घरांत आपोआप साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत! अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आम्हा चार-पाच मराठी घरांचा ग्रुप आहे. कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, कुणी नागपूरचं. शनिवारी जेवायला जमलो की आधी व्हिसा, मग बर्फ, मग मुलांची कॉलेजं, आणि गुलाबजाम मायक्रोवेव्हमध्ये गेले की कुणीतरी म्हणतंच, "ए, तो सरड्याचा सांग ना!"

कुठला सरड्याचा? एक असेल तर ना!

तर आधी माणसं सांगते. विमलकाकू म्हणजे माझ्या शेजारच्या नितीनची आई. नागपूरला सरकारी दवाखान्यात लेबर वॉर्डच्या सिस्टर होत्या. रिटायर झाल्या, मग काका गेले, आणि नितीनने त्यांना इकडे आणलं. नितीन आणि अश्विनी सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातात, ते अंधार पडल्यावर उगवतात. नात रिया या फॉलमध्ये दुसऱ्या राज्यात कॉलेजला गेली. डॉर्ममध्ये, म्हणजे तिथल्या होस्टेलवर, पेट चालत नाही. म्हणून तिचा कॅमेलिअन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, कैरीच्या रंगाचा आणि शेपूट धरून हातभर लांब असलेला मँगो, आजीच्या गळ्यात पडला.

निघताना रिया रडली. "आजी, प्रॉमिस मी यू विल टेक केअर ऑफ हिम."

काकूंनी प्रॉमिस केलं. पिंजऱ्याकडे पाठ करून! सरड्याची त्यांना किळस होती हो.

* * *

आठवड्याभरात किळस गेली आणि ड्यूटी सुरू झाली. सकाळी सात म्हणजे सात. आंघोळ, बुद्धवंदना, चहा, आणि मग राउंड!

मी एकदा कोथिंबीर मागायला गेले तर काकू पिंजऱ्यासमोर उभ्या, हात मागे बांधलेले.

"डोळे बरोबर फिरून राहिले. पकड चांगली आहे. काल तीन किडे खाल्ले. शी झाली."

मी इकडेतिकडे पाहिलं. घरात आम्ही दोघीच.

"काकू, कुणाला सांगताय?"

"डॉक्टरला."

"डॉक्टर कुठेत?"

"नाहीत नं. म्हणून काय राउंड नाही घ्यायचा?"

* * *

पाण्यावरून तर रामायण झालं. काकूंनी स्टीलची छानशी वाटी भरून पिंजऱ्यात ठेवली. मँगो तिच्याकडे ढुंकून बघेना. दोन दिवसांनी सकाळी माझा फोन वाजला. काकूंचा व्हिडिओ कॉल. मी मीटिंगमध्ये होते, लॅपटॉपचा कॅमेरा चालू, माइक चालू. घाबरून उचलला, तर पूर्ण स्क्रीनभर सरड्याची शी!

"बघ बरं! पांढरं असते ते आज नारिंगी काऊन आहे?"

मी फोन लपवायला गेले, तर घाईत त्याचा स्क्रीन लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे वळला आणि ती नारिंगी शी सगळ्या मीटिंगला दिसली. माझा मॅनेजर, आयुष्यात ज्याने कामाशिवाय शब्द काढला नाही, तो हळूच म्हणाला, "दॅट्स डीहायड्रेशन. आय यूज्ड टू हॅव वन."

मग त्यानेच सांगितलं की हे प्राणी साचलेलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. काकूंनी इस्त्रीची स्प्रे बाटली आणली आणि झाडावर फवारा मारला. मँगोने एक पान चाटलं, मग दुसरं, मग तिसरं. काकू फवारतायत आणि तो पितोय, पितोय. काकूंनी बाटली खाली ठेवलीच नाही.

"तहानलेला होता गं. अन् मी त्याला वाटी दाखवून राहिली होती."

एरवी दहा मिनिटांत आटपणारी ती स्टॅण्डअप मीटिंग त्या दिवशी अर्धा तास चालली. सगळी सरड्यावर!

* * *

नोव्हेंबर लागला आणि मँगोने खाणं सोडलं. पोट टम्म. दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा, काच ओरबाडायची, परत वर चढायचं. अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले.

काकूंचं निदान तयार होतं. "गॅस!"

मी पोचले तेव्हा हिंग कोमट पाण्यात कालवून झालं होतं. बाळाच्या बेंबीभोवती लावतात तसं लावायचं होतं. फक्त एक अडचण होती. काकू भिंग घेऊन मँगोला न्याहाळत होत्या.

"याची बेंबी सापडून नाही राहिली."

तेवढ्यात रियाचा व्हिडिओ कॉल आला आणि तिला वाटी दिसली म्हणून बरं! "आजी, नो! नो हिंग! ही नीड्स अ व्हेट!"

आता व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, शोधा. फोन केला की पहिला प्रश्न, डॉग की कॅट? सरडा म्हटलं की सॉरी. शेवटी पाऊण तासाच्या अंतरावर एक डॉक्टरीणबाई सापडल्या. बाहेर भुरभुर बर्फ. मी ड्राइव्ह करतेय, शेजारी काकू, काकूंच्या मांडीवर आइसबॉक्स, त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर मँगो. आइसबॉक्समध्ये काही गरम ठेवायची ती पहिलीच वेळ असावी.

डॉक्टरीणबाईंनी मागचा पाय उलटून टाच पाहिली, हसल्या, एक्स-रे काढला. पोटात अंडीच अंडी! टाचेवर नराला काटा असतो, तो हिला नव्हताच. दुकानवाल्याने नर म्हणून विकलं आणि रियाने मानलं, एवढंच.

काकूंमधली सिस्टर एका क्षणात जागी झाली. "हाउ मेनी मंथ्स? व्हेअर इज हजबंड?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हजबंड लागत नाही. नर नसला तरी मादीच्या पोटात अंडी तयार होतात, त्यातून पिल्लं निघत नाहीत, पण ती घालावी मात्र लागतात. आणि उकरायला ओली वाळू मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून मादी मरते. म्हणून तर ती तळाशी येरझारा घालत होती.

काकूंनी मँगोला परत टॉवेलवर ठेवलं. मग मराठीत मला म्हणाल्या, "नवरा नाही, लेकरू नाही, अन् त्रास मात्र सगळा हिलाच!"

* * *

यानंतर जे झालं त्याला आमचा ग्रुप जबाबदार आहे. मी धरून.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: टबभर ओली वाळू ठेवा, कॅल्शियम द्या, आणि एकांत. आम्ही वाळू आणली, कॅल्शियम आणलं. एकांत कुठल्या दुकानात मिळतो ते आम्हाला ठाऊक नाही! मी ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि पूर्वाचं, आमच्यातल्या मुंबईकरणीचं, लगेच उत्तर आलं, "डोहाळजेवण तो बनता है यार!"

शनिवारी आम्ही चौदा जणं विमलकाकूंच्या हॉलमध्ये. काकू हिरव्या साडीत. पूर्वाने पिंजऱ्याला फुलांची वाडी भरलेली. पेढा-बर्फीच्या ऐवजी दोन वाट्यांखाली एकीत रातकिडा, एकीत अळी. पाच जणींनी ओटी भरली, म्हणजे पिंजऱ्यासमोर तांदूळ आणि खारीक ठेवली. फोटो, रील, "ए, मला बघू दे!"

मँगो सकाळपासून वाळूत उकरत होती. डोकं आत, नुसती शेपूट बाहेर. आमचा गलका झाला आणि ती मागे सरकत बाहेर आली. आमच्या सगळ्यांकडे एका डोळ्याने पाहिलं, दुसऱ्याने कॅमेऱ्याकडे. मग फांदीवर वर-वर चढून पार टोकाला जाऊन बसली, काळपट पडली, आणि परत खाली उतरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, तिला कुणी उकरताना पाहिलं का? किती माणसं होती?

काकू म्हणाल्या, "नोबडी, मॅडम. ओन्ली फॅमिली."

* * *

हा किस्सा आम्ही हसत सांगतो खरा, पण तेव्हा हसू आलं नाही. मंगळवारी मी गेले तर भर दिवसा मँगोचे डोळे मिटलेले. कॅमेलिअन दिवसा डोळे मिटून बसला की काहीतरी फार बिघडलेलं असतं. बोट पुढे केलं तर पकडही ढिली. परत आइसबॉक्स, परत बर्फ. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, सलाइन दिलं, आणि म्हणाल्या की थोडी ताकद येऊ दे, मग पुन्हा उकरायला लागेल. शनिवारपर्यंत अंडी घातली नाहीत तर ऑपरेशन. पण एवढ्या अशक्त जिवाच्या ऑपरेशनची त्या खात्री देत नव्हत्या.

आणि काकूंकडे बोट करून, "नो वन लुक्स. एस्पेशली यू!"

परतताना गाडीत काकू रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, काकांचे फोटो दाखवतानासुद्धा नाही.

"माझ्या वॉर्डात एकाही बाईला मी एकटं सोडलं नाही गं. कोणाची आई आलेली नसे, कोणाचा नवरा बाहेर बाकावर झोपलेला असे. मी हात धरून बसायची. अन् ही डॉक्टरीण म्हणते, दार लावून घ्या!"

"काकू, मँगो काही बाई नाहीये. तिला एकटंच बरं वाटतं."

"मले समजते नं. पण दिवसभर त्या घरात मी अन् ती, दोघीच असतो. सकाळी उठते मी तर तिच्यासाठी उठते. ती गेली तर मी कोणाचा राउंड घेऊ?"

 मी वायपर जोरात केले, बस.

पिंजऱ्यावर चादर टाकली. पण काकूंचा स्वतःवरच भरवसा नव्हता. म्हणून रोज दुपारी मी माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्या किचनमध्ये बसायचे. काम काय? काकूंवर पहारा! त्या भाजी चिरायच्या आणि दर पाच मिनिटांनी उठायच्या.

"काकू, कुठे?"

"पाणी प्यायला."

"पाणी इथे किचनमध्ये आहे. तिकडे हॉल आहे."

"हो का? विसरलीच मी."

रियाचा फोन आला की मात्र एकदम कडक आवाज. "फर्स्ट क्लास आहे मँगो. तू अभ्यास कर." फोन ठेवला की चिरलेलीच भाजी परत चिरायला घ्यायच्या.

* * *

शनिवार उजाडला तशी मी काकूंकडे पोचले. सकाळी चादरीमागून वाळूचा खसखस आवाज आला. आम्ही किचनमध्ये श्वास रोखून बसलो. नितीन झोपेतून उठून जिना उतरला, त्याच्या चपलेचा आवाज झाला, आणि खसखस थांबली.

काकू उठल्या. वॉर्डात उठत असतील तशा. "घर खाली करा."

"आई, बाहेर मायनस टेम्परेचर आहे!"

"खाली करा म्हटलं नं!"

मी म्हटलं, माझ्याकडे चला सगळे. तर नाही. "एवढी दूर कशी जाऊ? काही झालं तर?" माझं घर म्हणजे पंधरा पावलं!

मग काय, ड्राइव्हवेमध्ये गाडी, हीटर चालू. पुढे नितीन आणि काकू, मागे मी आणि अश्विनी, मध्ये थालीपिठांचा डबा. काकूंच्या अंगावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर नितीनचा कोट. नजर समोरच्या दारावर. मधूनच म्हणायच्या, "आता वळली असंल ती. आता घालून राहिली असंल." कुणी हसलं नाही. दुपार झाली, थालीपिठं संपली, काकूंनी एक घास खाल्ला नव्हता.

समोरचे डेव्ह आजोबा बर्फ काढायला बाहेर आले. आम्हाला सकाळपासून खिडकीतून बघत असणार. येऊन काचेवर टकटक केलं. "एव्हरीथिंग ओके? लॉक्ड आउट?"

नितीन काहीतरी सांगायला लागला, पण काकूंनी आधी काच खाली केली. ओठांवर बोट ठेवलं. "लेबर."

डेव्ह आजोबांनी घराकडे पाहिलं. मग गाडीत एकेकाला मोजलं. रिया कॉलेजला आहे हे त्यांना माहीत. "हू इज इन देअर?"

"मँगो."

ते वळले. घरी गेले, कॉफीचा थर्मास आणून आमच्या हातात दिला, आणि फावडं घेऊन आमचाच ड्राइव्हवे साफ करायला लागले. आवाज होऊ नये म्हणून फावडं घासायचं नाही, बर्फ हळूच उचलून बाजूला ठेवायचा.

उजेड कमी होऊ लागला तशा काकू उतरल्या. "एकटी जाते. तुम्ही कोणी नका येऊ." दार हळूच लोटून आत गेल्या.

आम्ही गाडीतून बाहेर येऊन उभे राहिलो. अश्विनीने माझा हात धरला, फार घट्ट. नितीन उगाच घड्याळाकडे बघत होता. खूप वेळ गेला. मला वाटलं, आता आपण आत जायला हवं, काकूंना धरायला तरी.

दार उघडलं. काकू उंबऱ्यात. कोट काढलेला, बाह्या वर सारलेल्या, हात नुकतेच धुतलेले, पदराला पुसतायत. पायात चप्पल नाही आणि समोर बर्फ. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

 डेव्ह आजोबांनी फावडं बर्फात रोवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हलकेच विचारलं, "बॉय ऑर गर्ल?"

काकू ताठ उभ्या राहिल्या.

"मदर इज फाइन."