यादीत नसलेलं अळू

फोन आला तेव्हा मी गॅलरीत अळूची कुंडी एसीच्या नळीखालून बाजूला ओढत होते. पाणी तोडलं की मरेल आपोआप, असा माझा विचार. "वहिनी, शैला गेली," तिचे यजमान, मोहन भावजी म्हणाले. "सकाळी..." मी "आलेच" म्हटलं आणि चपला सापडेनात म्हणून घरभर फिरत राहिले. पाच आठवडे झाले, ते फिरणं काही थांबलेलं नाही.

शैला आणि मी अजमानला एकाच मजल्यावर, समोरासमोर. नव्वदच्या दशकात दोघी नवऱ्यांच्या मागोमाग इथं आलो. ती घरून पुरणपोळ्या, चकल्या करून शारजा-दुबईपर्यंत पोचवायची. अंगानं भारी. लिफ्टमध्ये शिरताना स्वतःच म्हणायची, "यल्ला, चला, बाकीच्यांनी जिन्यानं या!" पण गुडघे गेले, शुगर आली, आणि दोन हजार सालानंतर तिनं वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. पोट लहान केलं, आतड्याचा काही भाग वळसा घालून टाळला. वर्षभरात बाई निम्मी झाली. माझा पंजाबी ड्रेस तिला ढगळ व्हायला लागला तेव्हा मला, खरं सांगते, असूयाच वाटली.

मग मुतखडा झाला. हॉस्पिटलातून छापील यादी मिळाली: पालक, बीट, बदाम, शेंगदाणे बंद. यादी वाचली आणि मी कारभार हातात घेतला. मला असलं फार कळतं ना! "खडा म्हणजे कॅल्शियम. दूध-दहीपण बंद कर," मी फर्मावलं. भावजी म्हणाले, "डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हटलं, "त्यात काय विचारायचंय? माझ्या सासूबाईंचं असंच केलं होतं." पण पालक बंद, तर बाईनं हिरवं खायचं काय? माझं अळू होतंच, एसीच्या पाण्यावर पोसलेलं, हत्तीच्या कानाएवढं. यादीत अळूचं नाव नव्हतं. आठवड्यातून तीनदा मी फदफदं घेऊन तिच्या दारात. ती बोटं चाटून खायची आणि म्हणायची, "तुझ्या हातचं अळू कधी खवखवत नाही गं." चिंच घालायला मी कधी विसरले नाही.

खडे होतच राहिले. मग मूत्रपिंडंच थकली, डायलिसिस सुरू झालं. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं खोदून खोदून विचारलं, घर में क्या-क्या खाती हैं. मी अळूचं वर्णन केलं. ती लिहिता लिहिता थांबली. "जिससे गले में खुजली होती है, वही?" अळूत पालकासारखंच, खडे करणारं ऑक्झलेट ठासून असतं. चिंचेनं खवखव जाते, ते जात नाही. वजनाचं ऑपरेशन झालेल्यांच्या आतड्यात ते जास्तच शोषलं जातं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. जेवणाबरोबर दही घेतलं असतं, तर त्यातल्या कॅल्शियमनं त्याला पोटातच धरून बाहेर नेलं असतं. "सिर्फ इसी से हुआ, ऐसा नहीं," पोरगी म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली असेल.

भावजी तेव्हा औषधं आणायला गेले होते. शैलानं माझा हात धरला. "मोहनला सांगू नकोस. जन्मात बोलायचा नाही तुझ्याशी. आणि मी गेल्यावर त्याला जेवायला कोण घालणार, तूच ना?" वर हसली मेली! राग आला मला तिचा. अजून येतो... अशी कशी हसलीस गं?

परवा भावजी दारात आले. "वहिनी, पुढच्या मासिक श्राद्धाला तुमचं अळू हवं. शैलाचा जीव होता त्यावर." मी मान डोलावली. दुसरं करणार काय होते? कुंडी अजून आहे. बाजूला ओढली तरी मेली नाही, उलट नवी पानं आली. लेक म्हणते, "आई, जस्ट थ्रो इट." मी रोज सुरी घेऊन गॅलरीत जाते आणि तशीच परत येते.

भावजी, पेपरची ही पुरवणी तुम्ही पहिल्या अक्षरापासून वाचता, म्हणून इथं लिहिलं. समोर उभं राहून सांगायची छाती झाली नाही. शैलाला दिलेला शब्दही मोडला. आता तुम्हीच सांगा, अळू करू का?