नणंदेचं खातं, नवऱ्याची रापण

विकता येणार नाही अशी एकही वस्तू देवाने कोकणात निर्माण केलेली नाही, हे माझ्या नणंदेचं ठाम मत आहे; आणि ती मंत्री झाल्यापासून शासनाचंही तेच मत झालं असावं, असा आम्हा घरच्यांना संशय आहे. तिच्याकडे कुठलं खातं आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण तिलाही ते भाषणाच्या मध्येच कधीतरी आठवतं. धंदे मात्र तिला सगळे पाठ आहेत. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात आक्का, बाहेर मॅडम. मी लग्न होऊन देवबागेत आले तेव्हा ती मालवणच्या बाजारात सोडे आणि कोकमाचं आगळ विकत बसायची. तिच्यासमोरून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठलेलं मी कधी पाहिलं नाही. पुढे बायकांसाठी जागा राखीव झाली म्हणून ती सरपंच झाली, आणि लगेच चिऱ्याची खाण निघाली. जिल्हा परिषदेत गेली, तेव्हा रेडी बंदरात खनिज वाहणारे डंपर आले. आमदार झाली, बर्फाचा कारखाना आला. बढती झाली की लोकांच्या घरी पेढे येतात, आमच्याकडे यंत्रं येतात.

यातलं तिच्या नावावर काहीच नाही. "माझ्या नावार माझी साडी आसा, बस," असं ती पत्रकारांना सांगते, आणि ते अगदी खरं आहे. खाण तिच्या नवऱ्याच्या नावावर, डंपर ड्रायव्हरच्या, आणि बर्फ माझ्या. होय, बर्फाच्या कारखान्याची मालकीण मी आहे. माझ्या घरच्या फ्रीजमध्ये बर्फ धड होत नाही, आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन, त्यांची जेवणं रांधून मी संसार चालवते, तो भाग वेगळा. कारखान्याच्या उद्घाटनाला फीत आक्काने कापली आणि कात्रीचं ताट मी धरलं, तेवढाच माझा मालकीचा अनुभव.

कुणाच्या घरी दुःखाला भेटायला गेली, तरी ती डोळे पुसता पुसता परसातले माड मोजते आणि निघताना विचारते, "नारळ कोणाक घालतास?" एकदा देवळात तिच्यासाठी गाऱ्हाणं चाललं होतं. गावकार देवाला साकडं घालत होते आणि दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. आक्का हात जोडून उभी, पण फोन खांद्याने कानाशी दाबलेला. पलीकडून ठेकेदार खडी क्रशरचा व्यवहार समजावत होता. आक्का सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि त्याला वाटलं, बाईंनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याने जमीन सपाट करायला घेतली. आक्का म्हणाली, "देवाच्या समोर झाला, आता मोडू कसा?" तो क्रशर अजून चालू आहे, आणि देवळाच्या आवारातल्या तुळशीवर बोटभर धूळ असते.

इथवर आम्ही हसत होतो. मग ती मंत्री झाली, आणि तिची नजर आमच्या समोरच्या किनाऱ्यावर गेली.

त्या किनाऱ्यावर रापण लागते. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. आमच्याकडे रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो कोणीही असो, न विचारता आलेला असो. माझे सासरे या रापणीचे पुढारी होते, त्यांच्यामागे माझा नवरा. त्याला दुसरं काही येत नाही आणि यावंसंही वाटत नाही. आक्काने नेमकं तिथेच रिसॉर्ट काढायचं ठरवलं; समोर धक्का, पाण्यावरचे खेळ, आरामखुर्च्या. जाळं ओढायला जागाच उरणार नव्हती. आणि ही कंपनी तिने कुणाच्या नावावर केली असेल? माझ्या नवऱ्याच्या. बहिणीने सही मागितली, त्याने केली. काय आहे म्हणून विचारायची आमच्यात पद्धत नाही.

रापणकरांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला निघालं, तेव्हा पुढारी म्हणून तोच पुढे. मीही गेले, कारण तो एकटा गेला तर बहिणीसमोर एक शब्द बोलणार नाही हे मला माहीत होतं. विश्रामगृहात आक्का टेबलापलीकडे बसली होती. कचेरीत आम्ही सगळेच पुस्तकी मराठी बोलतो, तशी ती म्हणाली, "बोला. आपली तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"कंपनीच्या मालकाविरुद्ध," माझा नवरा म्हणाला.

"मालक कोण आहेत?"

तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. "मीच, मॅडम."

"मग तुम्ही त्यांना समजवा. शासन तुमच्या पाठीशी आहे."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आक्काचा आवाज आला, "बाबू, जेवलंस काय रे?" त्याने हो म्हणून मान हलवली. जेवला नव्हता.

पुढच्या महिन्यात ती जागा बघायला आली, ती नेमकी रापण ओढायच्या वेळी. बरोबरचे अधिकारी नकाशा उलगडत होते. आक्का थोडा वेळ बघत राहिली, मग चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ दोराला जाऊन लागली. दाखवायला नव्हे. टाच वाळूत रोवून, पाठ मागे टाकून, वडिलांनी शिकवलं तशी. "ओढा रे मेल्यांनो, जेवल्यात मां?" म्हणून ओरडलीसुद्धा. माझ्या नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. जाळं आलं, तारल्या चमकल्या, आणि रीतीप्रमाणे त्याने तिचाही वाटा काढला. तिने तो पदरात घेतला. आता ही म्हणणार, राहू दे रिसॉर्ट. सगळ्यांनाच वाटलं, मलादेखील.

"बाबू," ती दम खात म्हणाली, "ह्यां मोडूचा नाय. पर्यटकांका दोर ओढूक देवया. तिकीट लावया. मासळी हॉटेलात जायत."

"आणि वाटो?" त्याने विचारलं.

"वाटो कित्याक? तुमका पगार देतंय."

त्याने हातातला दोर नीट गुंडाळून वाळूवर ठेवला आणि होडीच्या सावलीत जाऊन बसला.

दुपारी ती माझ्याकडे जेवायला थांबली. तिच्याच वाट्याच्या तारल्या मी तिरफळं घालून केल्या. लहान पोरीसारखी काटे चोखत ती जेवत होती. "असली तारली मुंबयत गावना नाय गो," म्हणाली. मला तिला पुष्कळ बोलायचं होतं. मी भात वाढला.

"बाबू खंय?"

"दर्यार."

"इतक्या उनात? थंय काय करता?"

"बसलो आसा. जागा बघता."

तिचा घास हातात राहिला. ती दाराबाहेर बघत राहिली, आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण फोन वाजला, उष्ट्या हाताने तिने तो उचलला, मुंबईहून कोणी बोलवत होतं. गाड्या सुरू झाल्या. पायरी उतरता उतरता ती मागे वळली.

"त्याका टोपी तरी घाल म्हणान सांग. ऊन सोसना नाय त्याका, ल्हानपणापासून."

मी खुंटीवरची टोपी घेऊन किनाऱ्यावर गेले. तो तसाच बसला होता; सावली केव्हाच सरकून गेली होती. मी टोपी पुढे केली.

"कोणी सांगल्यान?"

"आक्कान."

त्याने टोपी घेतली, जरा वेळ हातात फिरवली, आणि डोक्यावर घातली.