नावाची भावकी

एकाच नावाची दोन माणसं जगाच्या दोन टोकांना जन्मली तरी ती भाऊभाऊच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबानं तो माझा चुलता निघाला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. येरमाळ्याला हायवेच्या कडंला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. आमचं घर त्या दुकानावर आणि वडील राखत असलेल्या लोकांच्या मेंढरांवर चालायचं. चालायचं म्हणजे भाकरी असली की कोरड्यास नसायचं आणि कोरड्यास झालं की भाकरी मोजून वाढली जायची. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. थोरल्या बहिणीची शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. घरात टीव्ही नव्हता, वर्तमानपत्राचा तर प्रश्नच नव्हता. तरीही जर्मनीत, अर्जेंटिनात आणि न्यूझीलंडात आपली माणसं नांदतात असं वाटावं इतक्या जिव्हाळ्यानं तिथल्या खेळाडूंची खुशाली आमच्या चुलीपुढं निघायची.

दुकानाशेजारच्या हॉटेलात भजी बांधायला जुने पेपर यायचे. नाना भज्यांच्या आधी कागद बघायचे. त्यात खेळाडूचा फोटो असला की तो तेलकट व्हायच्या आत सोडवायचे आणि पंक्चरच्या सोल्युशननं दुकानाच्या भिंतीला चिकटवायचे. नानांची ट्यूब एखाद्या वेळी सुटायची, फोटो कधी सुटला नाही. भिंतीची वाटणी नावानं झालेली. खिडकीकडं सगळे मार्टिन: जर्मनीचा हॉकीतला गोलकीपर, न्यूझीलंडचा बॉलर, अर्जेंटिनाचा फुटबॉलवाला. दाराकडं युसूफ: एक तुर्कस्तानचा पैलवान, एक आफ्रिकेतला पळणारा. गिऱ्हाईक टायर निघेपर्यंत उगंच उभं असायचं, त्याला नाना ओळख करून द्यायचे, हे थोरलं, हे मधलं, हे धाकटं. एकदा एका ट्रकवाल्यानं विचारलं, एक गोरा, एक काळा, एक गव्हाळ, हे भाऊ कसे? नाना पान्यानं नट आवळत म्हणाले, "तुमच्या घरात समदे एकाच रंगाचे हायत व्हय?"

ही भावकी नुसती बोलण्यापुरती नव्हती. फुटबॉलवाल्या मार्टिनचा गुडघा मोडला तेव्हा नानांना हॉकीच्या मार्टिनची काळजी लागली. भावाचा पाय मोडल्यावर त्याचं ध्यान कशात लागायचं, असं ते दिवसभर म्हणत होते. आणि खरंच, पुढच्या सामन्यात त्या गोलकीपरनं लागोपाठ गोल खाल्ले. साऱ्या जर्मनीला धक्का बसला असेल. येरमाळ्यात नानांना बसला नाही. तुर्कस्तानच्या युसूफनं पदक मिळवल्याचं कळलं, त्या दिवशी हैदराबादकडं निघालेल्या एका युसूफभाईंच्या ट्रकची सगळी चाकं नानांनी फुकट तपासून हवा भरून दिली. त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण नेमकं काय जिंकलोय.

पण दोन पीटर टेनिसच्या फायनलला समोरासमोर आले तेव्हा मात्र नानांनी हॉटेलातला टीव्ही उठून बंद केला. हॉटेलवाला खवळला, माणसं खवळली. नानांचं एकच म्हणणं, "नावानं नावाला पाडू न्हाय."

ही रीत त्यांना त्यांच्या कुस्तीतल्या वस्तादानं घालून दिलेली. गावात दुसऱ्या कुणाला ती ठाऊक नव्हती, म्हणून नाना ती साऱ्या गावाच्या वाटणीची पाळायचे. तरुणपणी येडाईच्या यात्रेतल्या फडात त्यांची कुस्ती लागली ती अणदूरकडच्या एका पैलवानाशी, आणि नेमका तो नानांच्याच नावाचा. सोलापूरच्या तालमीत ठेवून घ्यायला पोरगं निवडायचं म्हणून एक मोठे वस्ताद पुढं बसले होते. तालमीत राहणं, खाणं, दूध, सगळं होतं. नानांनी सलामी दिली, समोरच्याला मिठी मारली आणि फडातून बाहेर आले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अणदूरचा पैलवान दुसऱ्याशी लढला आणि सोलापूरला गेला. नाना पंक्चर काढायला बसले. वाईट नाही का वाटलं, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "का म्हून? माझं नाव तर गेलं की तालमीत."

माझी पाळी बारावीनंतर आली. धाराशिवच्या एका कॉलेजात खेळाडूंसाठी वसतिगृह होतं, दोन वेळचं जेवण होतं. कुस्तीत माझ्या वजनगटात जागा एकच. ती मिळाली तर कॉलेज, नाही तर वडिलांमागं मेंढरं. वडील कळपाबरोबर लांब गेले होते, म्हणून नानाच मला एसटीनं घेऊन गेले. मी शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचलो आणि पंचांनी नावं पुकारली. मी बालाजी. समोरचा उमरग्याचा, तोही बालाजी.

मी नानांकडं बघितलं. ते उठले होते. दारापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी गादीवरून उतरलो असतो. लहानपणापासून त्यांचंच ऐकत आलो होतो. ते परत आले, पण आधी माझ्याकडं नाही. उमरग्याच्या बालाजीजवळ गेले, त्याचं गाव, आईबाप, रान, सगळं विचारलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्यापाशी येऊन हळू म्हणाले, "खेळ. हात राखू नगंस. मला तेवढं बघाया लावू नगंस."

आणि ते गादीकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले. लोकांना वाटलं, म्हातारा रुसलाय.

मी गुणांवर जिंकलो. नाना शाबास म्हणाले, पण माझ्याबरोबर थांबले नाहीत. उमरग्याची गाडी लागेपर्यंत ते त्या बालाजीजवळ स्टँडवर बसून राहिले. मी विचारल्यावर म्हणाले, तुला जागा घावली, त्याला घरी जाऊन सांगायचंय.

त्यानंतर नानांनी भिंतीला एकही नवा फोटो लावला नाही. हॉटेलवाला आपणहून कागद बाजूला काढून ठेवायचा, नाना ते घडी घालून परत करायचे. कुठल्याही सामन्यात टीव्ही बंद करा म्हणाले नाहीत. उठून बाहेर जाऊन बसायचे. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं, भिंतही गेली. आता ते घरीच असतात. मार्टिनचा विषय मी कधी काढला तर ऐकतात, हसतात, आणि पोराबाळांची चौकशी सुरू करतात.

मी त्या वसतिगृहात तीन वर्षं राहिलो, दोन वेळ पोटभर जेवलो, आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर.