शिफारशीची सही

पुण्यात माणूस चाळिशीला आला तरी त्याला शाळा विचारतात. कंपनी कुठली, फ्लॅट कुठे, हे नंतर. मी शाळेचं नाव सांगितलं की समोरचा "अच्छा, तिथले का" म्हणत जरा सावरून बसायचा आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं. पेठेतली, खासगी, फक्त मुलांची शाळा. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

आमचं ऑफिस खराडीला गेलं त्या वर्षी शेजारच्या टेबलावर चंद्रपूरकडचा एक जण आला. माझ्याच वयाचा, कामाला वाघ, आणि पहिल्या दिवसापासून मला भाऊ म्हणणारा. आम्ही पेठेतली माणसं इतक्या लवकर कुणाला भाऊबिऊ म्हणत नाही. त्याचा मुलगा आणि माझा मुलगा, दोघेही पाचवीत जाणार होते. कँटीनमध्ये तेव्हा शाळांशिवाय दुसरा विषय नव्हता. दिवसभर अमेरिकेतल्या बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळायची आणि जेवताना कुठल्या शाळेत वळण लागतं, कुठे पोरं वाया जातात, याचा काथ्याकूट करायचा. मुली असल्या की मुलांचं अभ्यासात लक्ष राहत नाही, असं एकाचं मत. नुसत्या मुलांत वाढला की आडदांड घोडा होतो, असं दुसऱ्याचं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायचे, कारण त्या शाळेतला मी एकटाच.

एक दिवस त्या चंद्रपूरवाल्यानं विचारलं, "भाऊ, माझा पोट्टा खूप बोलते. सकाळी उठला की सुरू. तिथं निभेल ना त्याचं?"

त्या क्षणी मला काय आठवलं, ते सांगायलाच हवं. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीला कट्टा होता. नवीन मुलाला मधल्या सुट्टीत त्यावर उभं करायची पद्धत होती. त्यानं आपलं गाव, घर, काय वाटेल ते बोलायचं आणि खाली जमलेल्या सगळ्यांनी त्याचं प्रत्येक वाक्य त्याच्याच सुरात परत म्हणायचं. तो रडेपर्यंत. रडला की "झाला आपला" म्हणून खाली घ्यायचं. सर लोक खिडकीतून बघायचे आणि मुलगा घडतो म्हणायचे. मी सातवीत असताना वऱ्हाडातून एक मुलगा आला. तो रडेचना. म्हणून त्याला आठवडाभर रोज उभं केलं. सूर धरायचं काम माझ्याकडे होतं, कारण नकला मला झकास जमायच्या. पुढे तो बोलायचाच बंद झाला. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. वर्ष संपल्यावर तो परत दिसला नाही, आणि त्याचं काय झालं हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

ही पद्धत अजून चालू आहे, हेही मला ठाऊक होतं. आदल्याच दिवाळीत त्याच शाळेत असलेल्या भाच्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं आणि मी हसलो होतो.

"एकदम उत्तम शाळा," मी चंद्रपूरवाल्याला म्हणालो. "मुलगा घडतो तिथे."

घरी मात्र माझी भाषा वेगळी. बायकोनं विचारलं, तुझ्या शाळेचा फॉर्म आणायचा का? मी नको म्हटलं. आपला जरा हळवा आहे, मुलामुलींची शाळाच बरी, असं काहीतरी पुटपुटलो.

"मग इतकी वर्षं कसली टिमकी वाजवत होतास?" ती म्हणाली.

मी पेपर उघडून बसलो. मुलाला लांबच्या एका शाळेत घातलं, रोज बसनं पाऊण तास. ऑफिसात याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आमच्या शाळेच्या फॉर्मवर माजी विद्यार्थ्याच्या शिफारशीची जागा असते. त्या सहीसाठी चंद्रपूरवाला एका शनिवारी बायको-मुलाला घेऊन खराडीहून आमच्याकडे आला. पोरानं तासभर घर डोक्यावर घेतलं. मामानं ताडोब्यात वाघ कसा बघितला, ते वाघासकट करून दाखवलं. माझी बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात मी सही केली, शाळा सोडल्याचं वर्षही ऐटीत लिहिलं. ते तिघं तिथूनच चालत जाऊन फॉर्म देऊन आले. किती जवळ आहे हो तुम्हाला, असं तो परत आल्यावर दोनदा म्हणाला.

प्रवेश झाला. दिवाळीनंतर तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. मानलं तुमच्या शाळेला, म्हणाला. काय शिस्त लावली! आता पोट्टा घरी एक शब्द बोलत नाही. विचारलं तर मान हलवते, बस. आजीचा फोन आला तरी घेत नाही. हे सगळं तो खूश होऊन सांगत होता. बर्फी झकास आहे, मी म्हणालो.

मग त्यानं विचारलं, तुमचा मुलगा कोणत्या तुकडीत? आमच्याला कधी दिसला नाही म्हणून.

"लांब पडते रे," मी बोलून गेलो. "म्हणून दुसरीकडे घातला."

आमच्या घरून शाळेपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता तो स्वतः चालून आला होता. तो डबा हातात धरून उभाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण आवाज चढला नाही.

"भाऊ, तिथं काय चालते ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. आणि टाकीचं सगळं सांगितलं. सूर कोण धरायचं, तेसुद्धा. लाज वाटत होती म्हणून सांगितलं असं नाही. त्याच्या नजरेसमोर दुसरं काही सुचेना.

त्यानं डबा बंद केला, हाफ डे टाकला आणि बॅग उचलली. मी लिफ्टपर्यंत मागोमाग गेलो, तिथे थांबून त्यानं टाकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच विचारलं. फाटकातून आत गेल्यावर डावीकडे, सायकल स्टँडच्या मागे, मी सांगितलं. तुम्हीपण चला, असं तो म्हणाला नाही. पण लिफ्ट येईपर्यंत तो माझ्याकडे बघत उभा होता. चारला माझी मीटिंग आहे, मी म्हणालो.

मीटिंगबिटिंग काही नव्हती.