कोपरानं पाहिलेलं पाणी

कुठलंही गरम पाणी दिसलं, की काका बाही वर सारून आधी त्यात कोपर बुडवत. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, अगदी तसं. मग डोळे मिटून बराच वेळ बसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "थांबा हो, घाई कसली?"

काका कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला माझ्या ऑफिसात सीनियर इंजिनिअर होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बाकीचे लाँग वीकएंडला कॅसिनो बघायला जायचो. हे मात्र नकाशा घेऊन नेवाडाच्या वाळवंटात गरम पाण्याचे झरे शोधत हिंडायचे. कारण होतं काकूंचे गुडघे. जिना चढताना काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि गणेशपुरीच्या कुंडात आपल्या वडिलांना मिळालेला आराम काका विसरले नव्हते. अडचण एकच होती. काकू काही केल्या स्विमसूट घालायला तयार नव्हत्या.

एका रिसॉर्टवर मीही सोबत होतो. काकू चापूनचोपून नेसलेल्या सुती साडीत पायरीशी आल्या, तर तिथली मुलगी धावतच आली. असले कपडे घालून पाण्यात उतरता येणार नाही म्हणाली.

"धिस इज हर बेदिंग ड्रेस," काकांनी तिला शांतपणे समजावलं.

"चला हो, तमाशा नको," काकू म्हणाल्या. आम्ही तसेच परतलो. मला फार वाईट वाटलं.

पण माणूस चिवट. पुढच्या सुटीत धुळीचा रस्ता तुडवत आम्ही एका मोकळ्या झऱ्यापाशी पोचलो. चहूकडे खुरटी झुडपं, मधे वाफाळणारं डबकं, आणि डबक्यात एक दाढीवाला गोरा म्हातारा, जन्मला तसा! काकू गर्रकन गाडीकडे वळल्या. तिथे कपडे जास्त झाले होते, इथे कमी पडले.

काकांनी मात्र त्या म्हाताऱ्याला 'हाय' करून सगळं सांगितलं: गुडघे, साडी, रिसॉर्ट. "शुअर," म्हणत त्यानं टॉवेल गुंडाळला आणि दुसरं कोणी येऊ नये म्हणून वाटेवर आमच्याकडे पाठ करून बसला. मीही त्याच्या शेजारी तसाच बसलो. मागून आवाज येत होते.

"अगं, पदर फुगतोय, दाब."

"दाबतेय! तुम्ही पण या ना."

"मी आलो तर तुला हात कोण देणार?"

मग काकू हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर ते दोघं पुष्कळदा तिथे गेले, पण काका कधीच पाण्यात उतरले नाहीत. काठावर बसायचे, एक कोपर ओलं करून.

काका हार्ट अटॅकनं अचानक गेले. पुढच्या वर्षी काकूंनी विचारलं, "नेशील का रे मला तिथे?"

झऱ्यापाशी त्या नुसत्याच पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू बघ जरा."

मी कोपर बुडवलं. "ठीक आहे, काकू."

"इतक्यात कसं कळलं तुला? हे तर कितीतरी वेळ लावायचे."

मी डोळे मिटून कोपर पुन्हा पाण्यात घातलं.