लाल दोऱ्याचं टोक

सबवूफरच्या पेटीवर तो उजवा तळवा ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटायचा. गाणं अजून लावलेलं नसायचं. बटणं चालू, दिवे लागलेले, आणि खोलीत चिडीचूप. मग डोळे न उघडताच विचारायचा, "काय ऐकू येऊन राहिलं गा?"

"काहीच नाही."

"मंग झालं ना! तेच तं विकून राहिलो आपण."

नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. बिचारं आलेलं असायचं खिडक्या थरथरवायला, आणि हा त्याला शांतता दाखवत बसलेला.

प्रताप नगरातल्या ज्या दुकानात मी होम थिएटर बसवायचं काम करतो, तिथे तो केबल बनवायचा. ज्याच्या घरी जेवढं अंतर, तेवढीच केबल, हातानं. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर तो लाजाळू होता. आणि दुसरं, ते नाव माझ्या तोंडी यावं असं मी वागलेलो नाही. ते पुढे सांगतो. सांगायलाच बसलो आहे.

भाऊ मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरातला. घरचा माग थांबला तेव्हा तो रेडिओ दुरुस्तीत शिरला आणि तिथून आमच्याकडे आला. पण नजर मागावरचीच राहिली. केबलचं नवं बंडल आलं की एक टोक सोलायचा, आतली तांब्याची जाळी बोटांनी पसरून उजेडाकडे धरायचा, आणि लुगड्याचा पोत पाहावा तशी पाहायचा.

"वीण विरळ आहे बाप्पा. याच्यातून तं म्हैस जाईल."

बंडल परत.

जाळीवर एवढा जीव का, हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "घरातली वीज ज्या सुरात गुणगुणते ना, बास म्हंजे गाण्यातला खर्जबी तिथंच राहते. दोघाईची भिंत एक. जाळी दाट नसन तं शेजाऱ्याचं भांडण आपल्या घरात ऐकू येते." त्या गुणगुणण्याला तो 'हूं' म्हणायचा. हूं बासच्या अंगावर बसली की ढोलाचा ठोका ठोका राहत नाही, चिखलात पडल्यासारखा वाजतो. हे मी आज गिऱ्हाइकांना मोठ्या तज्ज्ञासारखं सांगतो. वाक्य त्याचं आहे.

जाड केबलची त्याला मनापासून गंमत वाटायची. कोणी बोटाएवढी जाड परदेशी केबल घेऊन आलं की हातावर तोलायचा. "याच्यातून काय पाणी जाऊन राहिलं का? निरोप जाते निरोप. निरोप्या पहिलवान असून काय फायदा?" आणि पिनेवरच्या सोन्याच्या मुलाम्याबद्दल: "गंज नाही लागत, हे खरं. पण सोनं लोक दातालेबी लावते. म्हणून वरण गोड लागते का?"

त्याचं तपासणीचं यंत्र म्हणजे डब्याचं एक जुनं झाकण आणि त्यात चिमूटभर तुरीची डाळ. झाकण पेटीवर ठेवायचा. गाणं लावलं की डाळ नाचली पाहिजे, थांबवलं की त्याच क्षणी झोपली पाहिजे. "उगाच वळवळ नाही पाहिजे." एका घरी डाळ न्यायची विसरला, तर स्वयंपाकघरात जाऊन मागून आणली. जाताना बाईंनी दारात अडवलं, "भाऊ, डाळ ठेवून जा माझी." यानं दाणे मोजल्यासारखे करून ओंजळीत परत दिले. त्या बाई अजून मला रस्त्यात भेटल्या की डाळीचं विचारतात.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्या खरेपणानं दुकानाची पंचाईत होते. एकदा एक तरुण डॉक्टर आला. त्याला दुकानातली सर्वांत महागडी केबल हवी होती, आणि मालक खुशीत होते. भाऊ म्हणाला, "डॉक्टर, पाठ करून बसा. कोणती वाजून राहिली ते वळखा." मी मागे तारा बदलत होतो. डॉक्टरनं तीनदा भाऊची केबल ऐकून हात वर केला, "हीच! हीच महागवाली!"

डॉक्टर भाऊची केबल घेऊन हसत गेला. मालक हसले नाहीत. "तू माल विकायला आहेस का बुडवायला?"

"मी हूं काढायले आहो, मालक," भाऊ म्हणाला आणि सोल्डरिंगला बसला.

आता त्या दोऱ्याविषयी.

भाऊच्या केबलमध्ये आत दोन तारा असत आणि भोवती जाळी. जाळी तो एकाच टोकाला जोडायचा, दुसरीकडे मोकळी सोडायचा. जोडलेलं टोक अँप्लिफायरला लावायचं. "जाळीनं बाहेरचा कचरा पकडला, का तो तिकडून बाहेर गेला पाहिजे. उलटी लावली तं तोच कचरा घरात." दोन्ही टोकं दिसायला सारखी. म्हणून जोडलेल्या टोकाला, पिनेच्या मागे, तो लाल सुती दोरा गुंडाळून विणकराची गाठ मारायचा. तुटलेला धागा मागावर सांधतात ती गाठ, वडिलांनी शिकवलेली. डोळ्यांदेखत मारायचा, तरी कशी मारली ते कळायचं नाही.

"लाल दोरा अँपकडे. बाकी सारं चुकलं तं चालते."

हुडकेश्वरला एका ठेकेदारांचा नवा बंगला होता. काम मोठं होतं, आणि मालकांनी मला एकट्यानं सोपवलं होतं. छतातून पाइप गेला होता, त्यात एसीची वायर आधीच कोंबलेली. भाऊची केबल मी घातली ती दोऱ्याच्या फुगवट्याशी अडकली. ओढली, पुन्हा घातली, पुन्हा अडकली. खाली पीओपीवाला घाई करत होता, "साहेब, छत बंद करायचं आहे." मी कटर काढला, दोरा कापला आणि हत्यारांच्या पिशवीत टाकला. कोणतं टोक ते ध्यानात राहीलच, म्हटलं. मग एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं असं करता करता केबल पार झाली. तोवर कोणतं टोक कोणतं, हे मला सांगता येत नव्हतं. मी अंदाजानं लावलं. छत बंद झालं.

ठेकेदार राहायला आले आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन. मालक आले, सोबत भाऊ, आणि मालकांच्या हातात डबाबंद परदेशी केबल. भाऊनं पेटीवर तळवा ठेवला. त्यानं विचारायच्या आधीच ठेकेदार म्हणाले, "मी सांगतो ना काय ऐकू येते! भुंगा पाळला आहे तुम्ही माझ्या घरात!"

भाऊ अँप्लिफायरच्या मागे गेला. टॉर्चनं टोक पाहिलं. मग सबवूफरचं टोक पाहिलं. उभा राहिला आणि माझ्याकडे वळला.

"दोरा होता ना गा?"

पिशवी माझ्या पायापाशी होती.

"आठवत नाही, भाऊ."

तीन शब्द. त्यातला तिसरा सर्वांत वाईट.

"दहा मिनिटं द्या," भाऊ मालकांना म्हणाला, "पिन खोलून पाह्यतो." मी तोंड उघडलं असतं तर ती दहा मिनिटं त्याला मिळाली असती. पण ठेकेदार म्हणाले, "माझ्या घरात आता प्रयोग नको," आणि मालकांना डॉक्टरची गोष्ट आठवली असावी. परदेशी केबल भिंतीच्या कडेनं, विजेपासून लांब अंथरली गेली. भुंगा गेला. जुनीची टोकं मी छतात ढकलून दिली.

परतताना गाडीत भाऊ स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मीच बांधला नसन."

त्यानं माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो स्वतःवर घेतला. त्यानंतर तयार केबलच्या पिना तो पुन्हा खोलून बघू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. दोरा बांधून झाला की बोटानं चाचपायचा, घरातून निघताना कुलूप ओढून पाहतात तसा. एक दिवस नव्या पेटीवर तळवा ठेवून म्हणाला, "हूं येऊन राहिली का गा?"

"नाही, भाऊ."

"नीट ऐक."

"काहीच नाही, भाऊ."

यावर तो पूर्वी जे म्हणायचा, ते म्हणाला नाही. "कान गेले वाटते," म्हणाला. मालकांनी डबाबंद केबल मागवणं सुरू केलं होतंच. पुढच्या महिन्यात भाऊ उमरेडला निघून गेला. मला दुकानात बढती मिळाली. का बोललो नाही, याचं भारदस्त कारण शोधून पाहिलं. सापडलं नाही. भ्यालो, एवढंच.

एकदा मात्र उमरेडला गेलो होतो. दोरा खिशात घेऊन एसटीत बसलो. भाऊ ओट्यावर भजनी मंडळाचा अँप्लिफायर उघडून बसला होता. त्याला कोण आनंद! वहिनींना हाक मारली, "अवं, पाह्य कोण आलं!" वहिनींनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. भाऊनं दुकानातल्या प्रत्येकाचं विचारलं, मालकांचंसुद्धा. स्टँडवर सोडायला आला आणि गाडी हलायच्या बेतात असताना म्हणाला, "काही सांगाचं होतं का गा?"

"नाही, भाऊ. सहज आलो होतो."

पुढच्या वर्षी तो गेला. मला आठवड्यानं कळलं.

यंदा ठेकेदारांच्या छतात एसीचं पाणी मुरलं. पीओपी फोडलं, आणि मी धावत जाऊन ती केबल मागून आणली. दुकानात पिना खोलल्या. जाळी एका टोकाला जोडलेली, सोल्डरचा थेंब अजून चकचकीत. शेजारी एसीची वायर टाकून आधी मी लावली होती तशी लावली. भुंगा. मग फिरवून लावली आणि पेटीवर तळवा ठेवला. झाकणात डाळ ठेवली होती. एक दाणा हलत नव्हता. मालकांना बोलावून सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि डाळीकडे पाहत म्हणाले, "मलाच काय सांगतो? तिकडे जा."

गेलो. वहिनींसमोर केबल ठेवली, तिच्यावर तो दोरा, आणि सांगितलं. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरलो. "भाऊनं बांधला होता, वहिनी. मी कापला. आणि आठवत नाही म्हणालो." एवढंच आलं.

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दोरा उचलून त्यांनी बोटाभोवती फिरवला.

"जेवता जेवता हात थांबे त्याईचा," त्या म्हणाल्या. "मले विचारत, 'बांधला असन ना वं मी?' मी म्हणो, बांधला असन. मले काय ठाऊक जी? मी आपली म्हणो."



मग त्यांनी केबल मांडीवर ओढली. त्याही विणकराच्याच घरातल्या. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, दोन्ही पिना हातात धरल्या आणि मला विचारलं, "कोण्या टोकाले?"

मी टोक दाखवलं.