सी थामींचा पापुद्रा

मोरोक्कोतल्या तेतुआनमध्ये, आमच्या गल्लीत सी थामींनी तीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी ते लल्ला रहीमो या बाईच्या पापुद्र्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"मला वरका शिकवा. जन्मभर दुसऱ्यांचे कागद वाटले, आता स्वतःचा एक करून बघतो."

वरका म्हणजे खरं तर कागद; कबुतराचं मांस भरलेल्या पाईवर घालतात त्या पातळ पापुद्र्याचंही हेच नाव. सैल पिठाचा गोळा हातात धरून तापल्या तव्यावर टपटप टेकवायचा. चिकटतं तेवढंच पीठ मागे राहतं. माझं पुदिन्याचं दुकान समोरच, म्हणून सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिले तीन दिवस सी थामी सकाळपासून तिसऱ्या प्रहरी असरची बांग होईपर्यंत तव्याशी झुंजले. चौथ्या दिवशी बोटांना फोड, मनगट सुजलेलं, चहाचा पेला उचलवेना.

"अहो, तवा आहे तो, वैरी नव्हे!" रहीमो करवादली. "रोज तीस. तीस झाले की घर गाठायचं. जरा सबुरीनं."

सी थामींनी सबुरी अशी काही मनावर घेतली, की एकदा गोळा टेकवायचे, मिशीवरून हात फिरवायचे, विचार करायचे, मग दुसऱ्यांदा. तोवर पहिलं वाळून जायचं. पापुद्रे कसले, मासेमारीची जाळीच! ती खाऊन गल्लीतल्या कोंबड्या गरगरीत झाल्या.

"आता काय चुकलं? तुम्हीच म्हणालात सबुरी!"

"सबुरी दोन दिवसांच्या मधे ठेवायची, सी थामी. दोन टेकवण्यांच्या मधे नाही! हात चालू लागला की थांबायचं नाव नको."

पाच महिने असे गेले. भोकं कमी झाली, कोंबड्या रोडावल्या. आणि रमजानला दोन दिवस असताना रहीमो जिन्यावरून घसरली. उजवा हात प्लास्टरमध्ये, दुकानापुढे रांग.

सी थामी तव्याशी बसले. रहीमो शेजारी स्टुलावर. तीस पापुद्रे झाले आणि ते सवयीनं हात पुसून उठले!

"चाललात कुठं?" अख्खी रांग ओरडली.

"बसा खाली!" रहीमो हसून हसून प्लास्टर धरून बसली. "तीस शिकणाऱ्याला!"

ते लाजले, बसले, आणि सूर्यास्ताच्या मगरिबच्या बांगेपर्यंत हात थांबला नाही.

रांगेतली हाज्जा फेत्तूमा जिभेची तिखट. तिनं पापुद्रा उन्हात धरून पाहिला. "रहीमोपेक्षा जाडच आहे जरा."

"आहे खरा," सी थामी तव्यावरची नजर न काढता म्हणाले. "किती देऊ?"

"चार डझन," हाज्जा म्हणाली.